‘ध्यान कोठे शे तुनं?’

आपल्या प्रत्येकाच्या नात्यात अशी एक तरी मुलगी असते. कुणी तिला वेंधळी म्हणतं, कुणी धांदरट, कुणी विसरभोळी. नाहीतर अगदी उलट: घुमी, शिष्ट, माणूसघाणी, ‘पाहुणे आले की आत जाऊन बसते’. ही विशेषणं सातव्या-आठव्या वर्षी चिकटतात आणि तिशी येईपर्यंत तिला स्वतःलाच ती आपल्या नावासारखी वाटायला लागतात. माझ्या वाट्याला आलेलं विशेषण अहिराणी होतं आणि प्रश्नाच्या रूपात होतं. आजी दिवसातून दहा वेळा विचारायची, “ध्यान कोठे शे तुनं?”

या प्रश्नाचं उत्तर मला तेहतिसाव्या वर्षी मिळालं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाल्या, तुम्हाला एडीएचडी आहे आणि तो लहानपणापासून आहे. आज मी 36 वर्षांची आहे. वडील धुळे जिल्ह्यातून लूमवर कामाला सुरतला आले, आम्ही भावंडं बमरोलीत वाढलो आणि आता मी रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटमध्ये अकाउंट्स बघते. गेल्या तीन वर्षांत जे समजलं, वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते इथे लिहिते आहे. आपल्या मंडळातल्या ज्या मुली कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आयांसाठीही.

शब्द नवा, माणसं जुनीच

‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द हल्ली रील्समधून सारखा कानावर पडतो. तो कुठल्या आजाराचं नाव नाही. 1990च्या दशकात, ऑटिझम असलेल्या माणसांच्या आपसातल्या चर्चांमधून हा विचार पुढे आला. सगळ्या माणसांचे मेंदू एका साच्यातून निघत नाहीत. काहींची जडणघडण बहुतेकांपेक्षा वेगळी असते आणि ती जन्मापासूनच तशी असते, एवढाच त्याचा अर्थ. एडीएचडी, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता हे सगळं त्यात येतं.

एडीएचडीच्या इंग्रजी नावात लक्षाचा अभाव आहे, पण माझ्याकडे लक्ष कमी नाही. ते हवं तिथे, हवं तेव्हा वळत नाही, ही अडचण. जीएसटी भरणाऱ्यांना माहीत असेल, दर महिन्याच्या 11 तारखेला एक रिटर्न असतं आणि 20 तारखेला दुसरं. 10 आणि 19 तारखेला माझ्यासारखी अकाउंटंट मार्केटमध्ये शोधून सापडणार नाही. हातातलं काम संपेपर्यंत तहान-भूक आठवत नाही. पण 12 तारखेला, भरपूर वेळ हाताशी असताना, तीच फाइल उघडायला मला जणू डोंगर चढावा लागतो. ‘मनात आणलं तर करते, म्हणजे एरवी आळस करते’ असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मनात आणणं आणि हात हलणं यांच्यामधला जो दुवा बाकीच्यांना आपोआप मिळतो, तो मला मिळत नाही. मुदत अंगावर आली की मिळतो.

ऑटिझमचं रूप वेगळं. माझ्या मावसबहिणीला चाळिशीच्या तोंडावर त्याचं निदान झालं. ती गणित शिकवते. आडून बोललेलं, नजरेनं सुचवलेलं तिला पटकन उमगत नाही. ठरलेला बेत ऐन वेळी बदलला की तिचा सगळा दिवस विस्कटतो. जरीच्या साडीचा काठ तिला टोचत राहतो. एखाद्या लग्नाला जायचं असलं की आदल्या रात्री ती फोनमध्ये कुणाला काय विचारायचं ते लिहून ठेवते: मामींना गुडघ्याचं, वहिनींना नव्या घराचं. घरात सगळे म्हणतात, किती आपुलकीनं चौकशी करते! आपुलकी खरीच आहे. पण त्यासाठी तिला परीक्षेसारखा अभ्यास करावा लागतो, हे कुणाला माहीत नव्हतं.

मुली दिसल्याच नाहीत

आमच्यासारख्यांचं निदान इतक्या उशिरा का होतं? एक कारण इतिहासात आहे. 1902 साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी आज ज्याला एडीएचडी म्हणतात त्याच्याशी जुळणाऱ्या मुलांची वर्णनं मांडली. ती वीस मुलं होती, पंधरा मुलगे आणि पाच मुली. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ऑटिझमवर जो गाजलेला लेख लिहिला, त्यातल्या अकरा मुलांमध्ये आठ मुलगे होते. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी सविस्तर मांडले ते सगळे मुलगेच. पाठ्यपुस्तकं या वर्णनांवरून लिहिली गेली आणि डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या नजरेसमोर एक चित्र पक्कं झालं: बाकावर न टिकणारा, खोड्या काढणारा किंवा कोपऱ्यात चाकं फिरवत बसलेला मुलगा.

मुलींकडे आधीच एका डॉक्टरचं लक्ष गेलं होतं. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी 1925 साली अशा सहा मुलग्यांचं वर्णन छापलं आणि 1927 साली मुलींबद्दल स्वतंत्र लिहिलं. त्यांचं काम मात्र कित्येक दशकं मागे पडलं.

ऑटिझममध्ये चार मुलग्यांमागे एक मुलगी असं प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. 2017 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ते तीनास एकच्या जवळ निघालं. मुली होत्या, पण निदानापर्यंत पोचत नव्हत्या. एडीएचडीतही लहान वयात दवाखान्यात येणारे बहुतेक मुलगे असतात, पण मोठ्या माणसांमध्ये तपासलं की स्त्री-पुरुषांमधलं अंतर बरंच कमी होतं. वर्गात दंगा करणाऱ्या मुलग्याच्या आईवडिलांना शाळेतून बोलावणं येतं. खिडकीबाहेर बघत शांत बसलेल्या मुलीचा कुणाला त्रास नसतो. माझ्या प्रगतिपुस्तकात चौथीपासून दहावीपर्यंत एकच शेरा आहे: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ ते वाचून कुणी मला बोललं, कुणी समजावलं. लक्ष का देत नाही, असा प्रश्न शाळेत किंवा घरी कुणाच्या मनात आला नाही. त्या काळात तो येणं कठीणच होतं.

झाकण्याचं शिक्षण

दुसरं कारण आपल्या घरांत आहे. ‘चारचौघांत नीट बस’, ‘मोठ्यांसमोर हसून बोल’, ‘मुलीच्या जातीनं इतकं हुंदडू नये’, ‘कंटाळा आला तरी तोंडावर दाखवू नये’. ही वाक्यं ऐकतच आपण मोठ्या होतो. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या मुलीच्या मेंदूची चाल वेगळी आहे, तिला यातून लपवण्याचं पक्कं शिक्षण मिळतं.

याला अभ्यासक मास्किंग म्हणतात, म्हणजे मुखवटा घालणं. कितपत मुखवटा घालावा लागतो हे मोजण्यासाठी 2019 साली 25 विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेल्या अभ्यासांत ऑटिझम असलेल्या स्त्रिया तशाच पुरुषांपेक्षा जास्त मुखवटा घालताना आढळल्या. यात काय काय येतं? समोरच्याच्या हसण्याबरोबर हसणं. दुसऱ्या मुलींचं बोलणं, हातवारे बघून उचलणं. हात सारखा हलतो म्हणून तो ओढणीखाली ठेवणं. माझ्यासारखीच्या बाबतीत, विसरायला होतं म्हणून घरातून निघण्यापूर्वी चार वेळा पर्स तपासणं आणि उशीर होईल या धास्तीनं प्रत्येक ठिकाणी पाऊण तास आधी पोचणं. बाहेरून बघणाऱ्याला ही टापटीप वाटते. आत दिवसभर पहारा चालू असतो.

त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. घरी आल्यावर मला बोलवेनासं होतं. बारीकशा गोष्टीवर रडू येतं. ‘काम तर सगळ्याच बायका करतात, तूच कशी एवढी थकतेस?’ हा प्रश्न मी इतरांकडून जितक्या वेळा ऐकला, त्याहून जास्त वेळा स्वतःला विचारला. अशा कित्येक स्त्रियांवर आधी नैराश्याचे किंवा चिंतेचे उपचार होतात. नैराश्य खोटं नसतं. पण त्याच्या मुळाशी काय आहे हे कळलं नाही तर गोळ्या बंद झाल्या की पुन्हा तेच सुरू होतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत, बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात हे सगळं वाढतं, असं एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणी सांगतात. इस्ट्रोजेनचा मेंदूतल्या डोपामिनशी संबंध असल्यामुळे संशोधकांचंही आता तिकडे लक्ष गेलं आहे.

लूमचा आवाज आणि कुकरची शिट्टी

बमरोलीत राहिलेल्यांना आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको. खात्यात लूम चालू असल्या की आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, त्यामुळे रात्रीही खटखट थांबत नाही. राहत्या वस्तीसाठी आपल्या कायद्यात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण खात्याच्या मागेच घर असेल तर ती कागदावरच राहते. गावाकडून येणारे पाहुणे दोन रात्री झोपायचे नाहीत.

मला त्या आवाजाचा कधी त्रास झाला नाही. माझा दहावीचा अख्खा अभ्यास लूमच्या एकसारख्या खटखटीत झाला. दिवाळीत खाती बंद पडली, मजूर गावी गेले, सगळी गल्ली शांत झाली की माझं पुस्तकातलं लक्ष उडायचं. याउलट कुकरची शिट्टी, ताट पडल्याचा आवाज, एकाच वेळी चार माणसांचं बोलणं यांनी मी दचकायची, चिडायची. घरच्यांना हे नखरे वाटत. ‘लूम चालतात आणि शिट्टी चालत नाही?’

याचाही अभ्यास झालेला आहे. 2007 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की मागे एकसुरी आवाज चालू असताना एडीएचडी असलेल्या मुलांना ऐकलेली वाक्यं जास्त चांगली आठवली. इतर मुलांची आठवण मात्र त्याच आवाजानं बिघडली. म्हणून सांगते, घरात कुणी मुलगी पंखा लावून, गाणी लावून अभ्यास करत असेल तर लगेच बंद करू नका. आधी बघा, अभ्यास होतो आहे का. आणि एखादीला अगदी शांतता लागत असेल तर तेही नखरे नव्हेत. ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे 2013पासून स्पष्टपणे धरलं जातं.

तपासणी म्हणजे नेमकं काय?

रील बघून ‘हे तर माझंच’ असं वाटणं ही सुरुवात असू शकते, निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची 18 प्रश्नांची एक प्रश्नावली नेटवर मिळते. तीसुद्धा डॉक्टरांकडे जावं का, एवढंच सांगते. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात.

माझ्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, झोपेचं विचारलं, कारण यातल्या बिघाडानेही लक्ष लागत नाही. मग लहानपणाकडे वळल्या. बारा वर्षांच्या आधीपासून लक्षणं असली तरच एडीएचडी म्हणतात, म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं आणि लहानपणी पाहिलेलं माणूस सोबत असेल तर बरं. मी आईला नेलं.

माझी आई 61 वर्षांची आहे. आम्ही लहान असताना ती साड्यांवर डायमंड चिकटवायचं काम घरी आणायची. एकदा बसली की चार-चार तास मान वर करायची नाही आणि तिच्या साडीत कधी खोट निघायची नाही. पण गॅसवर ठेवलेल्या डाळीची, हातातल्या किल्लीची, कुणाला दिलेल्या निरोपाची आठवण तिला राहायची नाही. उभ्या आयुष्यात सासरी तिला ‘येडी’ हेच नाव होतं. डॉक्टर माझ्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होत्या आणि आई हो-हो म्हणत होती. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, “हे तर माझंपण असंच आहे.” जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे डॉक्टरांनी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. घरी परतताना रिक्षात बराच वेळ ती गप्प होती. मग एवढंच बोलली, “म्हंजे मी येडी नव्हतू.”

आईनं स्वतःची तपासणी करून घेतलेली नाही, तिला तशी गरज वाटत नाही. पण चाळीस वर्षं मनात बसलेलं एक वाक्य त्या दिवशी हललं. निदानाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

कुठे जायचं? सुरतमध्ये न्यू सिव्हिल हॉस्पिटल आणि स्मीमेर या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांना 1990मध्ये सुरू झालेली ठाण्याची आयपीएच ही संस्था परिचयाची असेल. घरातून निघणं कठीण असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ऑक्टोबर 2022पासून चालू असलेल्या या सेवेचा क्रमांक 14416. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत किंवा गुजरातीतही बोलता येतं. फोनवर निदान होत नाही, पण पुढे कुठे जायचं ते कळतं.

औषधांविषयी थोडं. एडीएचडीवर औषधं आहेत, ऑटिझमवर ‘बरं करणारं’ औषध नाही आणि तसा दावा कुणी केला तर सावध राहा. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं नेहमीचं औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि दुकानदाराला चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे मैत्रिणीची गोळी घेऊन बघणं हा विचारसुद्धा नको. मी औषध घेते. त्यानं मी दुसरी कुणी झाले नाही. 12 तारखेला फाइल उघडणं थोडं सोपं झालं, एवढंच.

कायद्याचंही माहीत असावं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. ऑटिझमचं प्रमाणपत्र असेल तर निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळू शकतं.

सांगायचं की नाही?

‘लग्नाच्या आधी सांगायचं का?’ हा प्रश्न मला तीन मुलींनी विचारला आहे आणि तिघींच्या आयांनी ‘कुठे बोलू नकोस’ असं आधीच बजावलं होतं. आयांची भीती खोटी नाही. आपल्या समाजात गोष्ट एका घरातून निघाली की गावाकडे पोचायला वेळ लागत नाही. माझं मत असं: बायोडेटात लिहायची गरज नाही, पण ज्याच्याबरोबर संसार करायचा त्याला लग्न ठरण्यापूर्वी स्वतःच्या तोंडानं सांगावं. नाव नाही सांगितलं तरी चालेल, गोष्ट सांगावी. ‘मला तोंडी सांगितलेली चार कामं लक्षात राहत नाहीत, लिहून लागतात.’ ‘लग्नघरात दोन तासांनी मला अर्धा तास एकटं बसावं लागतं.’ हे ऐकून जो पाठ फिरवील, त्याच्याबरोबर आयुष्यभर मुखवटा घालून राहावं लागलं असतं.

आमच्या घरात बदल साधेच झाले. बिलं आणि किराणा नवरा बघतो, हिशेब आणि मुलाचा अभ्यास मी. किल्लीला दारामागे एकच खिळा. कामं फ्रिजवर लिहिलेली. नावडतं काम असलं की मैत्रीण व्हिडिओ कॉलवर तिचं काम करत बसते, मी माझं करते. बोलत नाही, पण दोघींचं होतं. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं मला कुणी काही विचारत नाही. पैसा यातल्या एकाही गोष्टीला लागला नाही.

मंडळांनाही दोन गोष्टी करता येतील. कानबाईला, गणपतीला, स्नेहसंमेलनाला हॉलमध्ये एक खोली शांत ठेवा, जिथे कुणीही थोडा वेळ जाऊन बसेल आणि ‘काय झालं?’ असं विचारलं जाणार नाही. कार्यक्रम किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपेल ते आधी लिहून पाठवा आणि पाळा. जी मुलगी स्टेजवर जायला नको म्हणते तिला हाताला धरून ढकलू नका. तिला रांगोळीचे ठिपके, देणगीची वही, फोटोंची निवड यांतलं काही द्या, मन लावून करील.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिच्या वहीतही यंदा तोच शेरा आला, ‘हुशार आहे, पण...’ घरात थोडी खळबळ झाली. वहिनीला भीती वाटली की पोरीवर शिक्का बसेल. मी म्हटलं, शिक्का बसलेलाच आहे वहिनी, शाळेनं आळशी म्हणून मारलाय, आपण निदान तपासून तरी बघू. पुढच्या महिन्यात तिला बालविकास तज्ज्ञांकडे न्यायचं ठरलं आहे. एडीएचडी निघेल, दुसरं काही निघेल, किंवा काहीच निघणार नाही. तोवर घरात ठरलंय की तिला एका वेळी एकच काम सांगायचं आणि ते झालं की दुसरं. आईला हे सगळ्यात आधी जमलं. तिच्याशी बोलताना आई समोर जाऊन बसते, नाव घेऊन हाक मारते, आणि पोरगी तिच्याकडे बघेपर्यंत थांबते.